परकराच्या तीन दुमडी

यमुनाबाईला बांगडे मोजण्यात फसवील असा माणूस आचऱ्याच्या किनाऱ्यावर अजून जन्माला यायचा होता. होडी वाळूला लागली की ती ढिगावर एक नजर टाकायची आणि म्हणायची, "साडेतीनशे, वर चार." कुणी हट्टाने मोजून बघितलं तर साडेतीनशे आणि वर चारच निघायचे. मग पाटी डोक्यावर घेऊन ती आतल्या गावांत शिरायची, शेतकऱ्यांच्या दारोदार फिरायची, आणि दिवस कलला की रिकामी पाटी कमरेवर मारून घरी यायची. तोंड तिखट होतं. एका बांगड्यावरून ती अशी भांडायची की गिऱ्हाईक दोन घेऊन मोकळं व्हायचं.

बाई बढाईखोर होती. हे लपवण्यात अर्थ नाही, ती स्वतःही कधी लपवत नसे. नवरा गुणाजी रापणीच्या होडीवर मासे धरायला जायचा, सासरे नाना जाळी विणत ओसरीवर बसायचे, मुलगा सहदेव शाळेत होता. पण बढाई या तिघांची नव्हे, मुलीची. चोपन्न साली सासू गेली तेव्हा हिरा अकरा वर्षांची होती. चौथी पास झाली होती. शाळेतून नाव काढलं आणि चूल तिच्या हाती दिली. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आईच्या डोक्यावर पाटी, मग चूल कोण सांभाळणार?

आणि पोरीने ती सांभाळली म्हणजे किती! यमुनाबाई दारोदार सांगत फिरायची, "माझा चेडू चार बांगड्यांत पाच माणसां जेवयता." ऐकणाऱ्या बायका हातातलं काम थांबवून हुंकार द्यायच्या. तेवढ्यावर ती थांबायची थोडीच. "आणि कापडाची गोष्ट सांगा नको. तीन वर्सां एकच परकर. अजून नव्यासारखो." पोरीबाळींच्या आया आपल्या मुलींकडे बघायच्या आणि त्या मुली यमुनाबाईची पाटी दिसली की मागीलदारी पळायच्या.

सत्तावनच्या दिवाळीच्या आधी ती हिराला घेऊन बाजारात हरिश्चंद्र शिंप्याकडे गेली. हिराला आता चौदावं सरून पंधरावं लागलं होतं. अजून शहाणी झाली नव्हती, त्याचंही यमुनाबाईला बरंच वाटत होतं. लग्नाचा घोर तेवढा लांब. तिने जुना परकर शिंप्यासमोर टाकला.

"दादानु, नवो शिवा. ह्याच्यापेक्षा चार बोटां लांब. ह्याच्यातल्या दुमडी कधीच सोडून झाल्या असतल्या."

वाढत्या अंगाच्या मुलीचा परकर शिवायचा तर खालच्या कडेला आतून तीन दुमडी घालायच्या, ही तिकडची रीत. मूल वाढेल तशी दरसाल एक सोडायची. घरच्या घरी सुईने टाका उसवला की झालं. हिराने ते काम कधीच उरकलं असणार, असं यमुनाबाई धरून चालली होती. सगळी कामं ती न सांगताच उरकायची.

हरिश्चंद्राने परकर उलटा केला. चष्मा कपाळावरून नाकावर आणला. मग बोटाने कड चाचपत पूर्ण घेर फिरवला आणि पुन्हा एकदा फिरवला.

"यमुनाबाय, ह्यातली एक पण उसवलेली नाय. तीनव आसत."

"आसत? मगे बरा झाला की. एक सोडा, नवो कित्या शिवूचो?"

"सोडून काय करू? चेडवाक हय उभा ऱ्हव दे."

हिरा पुढे आली. त्याने परकर तिच्या कमरेला लावला. कड घोट्यावर टेकली, जशी तीन वर्षांपूर्वी टेकली होती. मग त्याने मापांची जुनी वही काढली, पानं उलटली आणि टेप लावला. तो मोठ्याने वाचत नसे. त्या दिवशी वाचलं. "चोपन साल. लांबी एकतीस. आज साडेएकतीस." टेप कमरेभोवती गेला. "कमर बावीस होती. आज एकवीस."

यमुनाबाईचं तोंड कधी हार मानत नसे. "आमच्यात बायका बुटक्योच. माझी सासू बघा, मिया बघा."

"आणि सहदेव?" शिंपी म्हणाला. "ह्या चेडवापेक्षा दोन वर्सांन ल्हान. तेच्या चड्डेक मी दर वर्सा कापड वाढयतंय. आवस तीच, बापूस तोच."

ती हिराकडे बघत राहिली. रोज बघत होती ना? पहाटे बघायची तेव्हा पोर चुलीपुढे वाकलेली असायची. संध्याकाळी बघायची तेव्हा चुलीपुढेच. उभी, दिवसाउजेडी, मोकळ्या जागेत, तिने आपली मुलगी शेवटची कधी बघितली होती? हनुवटी टोकदार, मनगटं काठीसारखी, ओठ पांढुरके. तीन वर्षं हे घरात फिरत होतं आणि बांगड्याचा डोळा बघून ताजा-शिळा सांगणाऱ्या बाईला ते दिसलं नव्हतं.

"तुमच्या एकट्या चेडवाचा नाय," हरिश्चंद्र खाली बघून म्हणाला. "वीस वर्सां मापां घेतंय. चेडवां झिलांच्या बरोबरीन वाढतत, अकरा-बारा वर्सांपर्यंत. मगे चूल हातात येता आणि वाढ थय थांबता."

"मगे इतकी वर्सां गप कित्या ऱ्हवलास?" तिचा आवाज चिरकला.

"परकर टिकलो म्हणान तुमीच खूश असात."

यमुनाबाईने परकर उचलला आणि निघाली. एरवी ओळखीचं माणूस दिसलं की थांबणारी यमुनाबाई त्या दिवशी वाटेत भेटलेल्या दोघांना तशीच ओलांडून गेली.

घरी आली तेव्हा दिवेलागण होत होती. पुरुष दुपारीच जेवून गेले होते. नेहमीच्या जागी, चुलीशेजारी, तिचं जेवण झाकून ठेवलेलं होतं. तिने झाकण काढलं. भात, सार आणि वर अख्खा बांगडा. ती बसली नाही. तशीच उभी राहून त्या बांगड्याकडे बघत राहिली.

सकाळी तिने चार बांगडे घरात ठेवले होते. तीन वर्षं रोज चारच ठेवत आली होती. नानांना एक, गुणाजीला एक, सहदेवला एक, हिराला एक. स्वतःला तिने कधी धरलंच नव्हतं. बाहेर फिरणाऱ्या बाईला कुठेतरी पेजेचा घोट मिळतोच. तरी रोज संध्याकाळी झाकणाखाली तिचा बांगडा असायचा आणि ती पोरीच्या हुशारीवर खूश होऊन तो खायची. मग दुसऱ्या दिवशी गावभर सांगायची, चारांत पाच जेवतात.

चारांत पाच कसे जेवतील? साडेतीनशेवर चार नजरेने सांगणारी बाई ही. तीन वर्षांत एकदाही तिने हा हिशेब केला नव्हता.

"हिरा, तू काय जेवलंस?"

"पेज आणि सार."

"काल?"

हिरा चुलीतली लाकडं सारू लागली.

"बांगडो तुझो होतो ना गो?"

"आजयेन सांगल्यान होता," हिरा अगदी साधेपणाने म्हणाली, जसं पाण्याची घागर कुठे ठेवलीय ते सांगावं. "जो वल्ही मारता आणि जो पाटी घेता तेचो वाटो पयलो काढूचो. घरात बसता तेका कसली भूक? तू इतक्या चलान येतंस. माका लागणा नाय, आये. आता तर खरोखरच लागणा नाय."

भूकच मेली होती पोरीची. आणि यमुनाबाईच्या डोक्यातली मोजणी, नको तेव्हा, आपोआप चालू झाली. सोमवार सोडले, एकादश्या सोडल्या, श्रावण सोडला, मासळी मिळाली नाही ते पावसाचे दिवस सोडले. सहाशेच्या वर. सहाशेच्या वर बांगडे तिने या जागी बसून, काटे चोखून, आपल्याच पोरीच्या अंगातून खाल्ले होते. ती मागीलदारी गेली आणि माडाच्या बुंध्याला धरून ओकली.

दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन गेलीच नाही. दुपारी पुरुषांच्या पंगतीत तिने हिराचं पान मांडलं. गुणाजीने भुवया वर केल्या. "ह्या काय नवीन?" यमुनाबाईने हिराच्या पानात बांगडा वाढला. हिरा खाली मान घालून, चोरी पकडल्यासारखी, अर्धा बांगडा कसाबसा गिळत होती. नानांचा घास हातातच राहिला.

"माझ्या आवशीक मासो खाताना मी कधी बघूक नाय," म्हातारा म्हणाला. सत्तर वर्षांच्या माणसाला हे आज आठवलं होतं. "आम्ही म्हणायचो, तिका आवडणा नाय."

त्यानंतरच्या पहाटे यमुनाबाई किनाऱ्यावर गेली. होडीची वाट बघत पाटीवाल्या बायका नेहमीसारख्या रांगेत उभ्या होत्या, वीस-पंचवीस जणी. तिने रांगेवर नजर टाकली, ढिगावर टाकायची तशीच. सगळ्यांची डोकी एका ओळीत होती. नवरे, भाऊ, मुलगे त्यांच्या मागे उभे, आणि एकेकाचा खांदा पुढच्या बाईच्या डोक्याला लागलेला. जन्मभर तिला वाटत होतं, आपल्या वाडीच्या बायकांची ही ठेवणच आहे. ती रांगेत आपल्या जागी जाऊन उभी राहिली. तिचंही डोकं त्याच ओळीत बसलं.

त्या दिवसापासून तिच्या विक्रीची तऱ्हा बदलली. दारात गेली की आधी विचारायची, "घरात माणसां किती?" बाईने चार सांगितली आणि आत पाचवी पोर भांडी घासताना दिसली, तर पाटी खाली उतरवायची आणि पाचवा मासा पुढ्यात टाकायची. कुणी म्हणालं, "तिका नको, तिका आवडणा नाय," तर अशी भडकायची की विचारू नका. "तिका इचारलंस कधी?" गिऱ्हाइकीची चार घरं या कटकटीने तुटली. तिने पर्वा केली नाही.

हिरा हळूहळू खाऊ लागली. ओठांवर रंग आला, वर्षभरात शहाणीही झाली. अठ्ठावनच्या दिवाळीला हरिश्चंद्राने टेप लावला आणि काही न बोलता एक दुमड उसवली. यमुनाबाई त्याच्या दुकानातच रडली. एकोणसाठला पुन्हा आली. त्याने पुन्हा टेप लावला, वही बघितली. आकडा गेल्या सालचाच होता. परकर घडी करून त्याने परत दिला. साठ साली तिने हिराला नेलंच नाही.

चौसष्ट साली हिराचं लग्न झालं. पहिली मुलगी झाली तेव्हा यमुनाबाई बघायला गेली. पाटीच्या तळाशी तोच परकर होता, दोन दुमडी शिवलेल्या तशाच; द्यायला नव्हे, त्या दुमडी दाखवायला आणलेला. हिराने तो ओळखला आणि मांडीवरच्या पोरीकडे बघत म्हणाली, "आये, ह्यो अजून नव्यासारखो आसा. हेका होतलो."

यमुनाबाईने परकर तिच्या हातातून काढून घेतला.

"होवचो नाय," ती म्हणाली, आणि हिराच्या आजेसासूला विचारायला लागली, घरात माणसं किती.