उंदरांवर राग नाही

कोल्हापुरात वडिलांना डायलिसिसला न्यायचो, तेव्हा शेजारच्या खाटेवर कोडोलीच्या एक जैन आजी असायच्या. धान्याची खोली झाडताना उंदरांच्या लेंड्यांची धूळ नाकात गेली, त्यातून विषाणूचा ताप आला आणि मूत्रपिंडं बंद पडली, असं डॉक्टर म्हणाले होते.

एकदा त्यांचा मुलगा चिडून म्हणाला, "आई, आज औषध घालून सगळी उंदरं मारतो."

आजींनी सुई नसलेला हात उचलला. "मारायची न्हाईत. भोकं बुजीव."

"तुझा जीव गेला असता की!"

"म्हणून त्यांचा घ्यायचा व्हय?"

हळूहळू त्यांची मूत्रपिंडं पुन्हा चालू झाली आणि त्या घरी गेल्या. त्या वॉर्डात आम्ही बाकीचे सगळे कुणावर ना कुणावर रागावलेलेच होतो.