रंजिता आडेनं लेझर बंद करायला लावला

रंजिता आडे आमच्या फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यावरची. पुण्यात ती प्रथिनाच्या रेणूतल्या दोन जागांमधलं अंतर मोजते, केसाच्या जाडीच्या लाखाव्या हिश्शाच्या मापात. त्या दोन जागांवर ती एकेक खूण चिकटवते. त्यातली एक लेझरचा उजेड पडला तरच जागी होते, नाहीतर मोजमाप निघतच नाही.

तिचा सीनियर निषाद तिला 'तांडा एक्सप्रेस' म्हणायचा. त्यानंच तिच्या कॉम्प्युटरमधून मोजमाप चोरून स्वतःच्या नावावर लावलं. पण घाईत चुकीची फाइल उचलली. ती तुलनेसाठी वापरलेल्या जुन्या खुणांची होती, ज्यांना उजेड लागतच नाही. रंजिताला हे कळलं, आणि ती सहा महिने गप्प बसली.

यवतमाळच्या एका कॉलेजात निषादचं भाषण ठेवलं होतं. मी तिच्या आईजवळ, मानीबाईजवळ बसलो होतो. रंजिता उठली.

"सर, लेझर बंद ठेवून घेतलेलं मोजमाप दाखवा."

निषादनं ऐटीत फाइल उघडली. त्यातली दोन्ही मोजमापं दिसली: लेझर चालू असो की बंद, पडद्यावर रेषा तीच; खरं तर बंद असताना ती सपाट पडायला हवी होती. जाणकार प्राध्यापक हसायला लागले. मग रंजितानं तारखांसकट आपली खरी मोजमापं पडद्यावर लावली.

बाहेर निषाद हात जोडून उभा होता. "माफ कर, माझं करिअर संपेल."

"संपू दे," ती म्हणाली.

मानीबाईनं विचारलं, "आधीच काहून नाही बोलली व?"

"लॅबवाल्यायनं खोलीतल्या खोलीत मिटवलं असतं, याडी. मले चारचौघात पाहिजे होतं."

लोक म्हणतात, पोरीनं माफ करायला हवं होतं. कायले?