अजून कुणीतरी आहे त्यावर

चष्मा डोक्यावर सरकवायचा, म्यूट काढायचं आणि शांतपणे म्हणायचं, "अजून कुणीतरी आहे त्यावर." मीटिंगमध्ये जुन्या इमेज बंद करायचा विषय निघाला की ताईंचं हे ठरलेलं.

आमची कंपनी लोकांना सर्व्हर भाड्याने देते. सर्व्हर जिच्यावर चालू होतो ती सगळं सॉफ्टवेअर बसवलेली तयार प्रत म्हणजे इमेज. नव्या प्रोसेसरच्या इमेज आम्ही बनवायचो. जुन्या, बत्तीस-बिट प्रोसेसरच्या, ताई एकट्या सांभाळायच्या. मूळ बनवणाऱ्यांनी त्यांचे सुरक्षेचे अपडेट केव्हाच थांबवले होते. ताई ते स्वतः तयार करून बसवायच्या.

त्या मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात एकट्या राहायच्या, मी शेजारच्या बिल्डिंगमध्ये. घरून काम सुरू झाल्यापासून मी त्यांच्याच डायनिंग टेबलावर बसायचो. टेबलाखाली चाचणीसाठी ठेवलेलं एक जुनाट मशीन घरघरत असे, वर उशीचा अभ्रा.

"थंडी वाजते का त्याला?" मी एकदा विचारलं.

"धूळ बसते रे. मेट्रोचं काम काय संपत नाही."

खालच्या भाजीवाल्याला त्या ज्या आवाजात "भैया, ऐसे नहीं चलेगा" म्हणायच्या, त्याच आवाजात मॅनेजरलाही अडवायच्या. तुमच्याही ऑफिसात असं एक माणूस असेल. सगळे त्याच्यावर वैतागतात आणि अडलं की त्यालाच फोन करतात.

तालुक्याच्या गावातलं एक प्रसूतिगृह जुन्या इमेजवर होतं. त्यांचं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नव्हतं. तिथले डॉक्टर दरवेळी मुदत वाढवून मागायचे, ताई द्यायच्या.

"चालेल ना, मॅडम?"

"चालेल. मी बघतेय."

एका सकाळी प्रसूतिगृहाच्या सर्व्हरमध्ये कुणीतरी घुसलं आणि सगळी माहिती कुलूपबंद करून ठेवली. ज्या फटीतून घुसलं, ती बुजवणारं अपडेट जुन्या इमेजसाठी आलंच नव्हतं, आणि ताईंच्याही नजरेतून ती सुटली होती. त्याच दिवशी तिथे आलेल्या एका बाईचे आधीचे रिपोर्ट उघडेनात. तिला जिल्ह्याच्या ठिकाणी हलवलं. बाळ वाटेतच गेलं.

रिपोर्ट मिळाले असते तर वाचलं असतं का, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. ते चिडले नाहीत. फोनवर एवढंच म्हणाले, "मॅडम, तुम्ही म्हणाला होतात, चालेल."

"हो," ताई म्हणाल्या. नंतर गॅसवरचं दूध उतू गेलं तरी त्या उठल्या नाहीत. मी जाऊन गॅस बंद केला.

पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनीच विषय काढला. "बंद करू या. तारीख मी देते."

मॅनेजर गोंधळला. "पण अजून कस्टमर आहेत ना?"

"आहेत. आपण चालू ठेवलंय म्हणून त्यांना वाटतं, काही धोका नाही. तसं नाहीये ते."

मग त्या एकेकाला फोन करत सुटल्या. मराठीत, हिंदीत, मोडक्या गुजरातीत. लोक भांडायचे, काही शिव्याही घालायचे. ताई एका हाताने पोट दाबून ऐकत राहायच्या. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणायच्या, "हे संपू दे." संपायच्या आतच त्यांना मीरा रोडच्या एका हॉस्पिटलात भरती करावं लागलं. कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता.

भेटायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "किती जण राहिलेत?"

"थोडेच. ताई, तारीख जरा पुढे नेऊ का? तुम्ही घरी येईपर्यंत?"

"नको." त्या म्हणाल्या. "मी सारखं तेच केलं रे. तू नको करूस."

तारखेच्या आधीच त्या गेल्या. महाडहून भाऊ आला, सगळं उरकून फ्लॅटला कुलूप लावून गेला.

ठरल्या दिवशी मी जुन्या इमेज काढून टाकल्या. ताईंचा ऑफिसचा नंबर माझ्याकडे वळवलेला होता. दुपारी त्यावर एका दूध डेअरीतल्या क्लार्कचा फोन आला.

"मॅडम आहेत का?"

"नाहीत. मी त्यांच्याबरोबर काम करायचो. काही अडलंय का?"

"नाही, नाही. नव्या सर्व्हरवर जा म्हणून लई मागं लागल्या होत्या. मी काहीबाही बोललो पण त्यांना. काल झालं बघा आमचं काम, सगळं नीट चालतंय. तेवढं सांगाल का त्यांना?"

"सांगतो," मी म्हणालो.