गालातला गूळ

सन १९८८, माझं वय अठ्ठावन्न. रक्तदाबाच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, म्हणून कपाशी निंदताना मी गालात गुळाचा खडा धरायचो. पुढं दात हिरड्यांपाशी काळे पडले. कॅन्सरच असणार, या भीतीने घास उतरेना. पण घरात बोललो नाही.

बायकोनेच ओळखलं. "दातांनी ऊस सोलाले वाघ, डॉक्टरकडे जावाले शेळी!"

धुळ्याच्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून दात पाहिले.

"आबा, कॅन्सर नाही, कीड आहे. लाळ दातांवरचं गोड धुऊन नेते. तुमची लाळच आटलीय, म्हणून गूळ तिथंच चिकटून राहतो. असंच चाललं तर सगळे दात जातील."

बिनदाताचं तोंड घेऊन पारावर कसं बसायचं, ही नवी धास्ती लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी खिशातला गूळ बैलाला चारला आणि घोट घोट प्यायला पाण्याची कळशी घेऊन शेतात गेलो.