टँकरवर चढलेला दादा

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदगाव खंडेश्वरला, घरी कणीक मळत होते. पिठाच्या हातांनीच फोन घेतला आणि वहिनीचं पुरतं ऐकूनही न घेता तिच्यावर ओरडले, "काहीतरीच काय सांगून राहिली!" माझा भाऊ सुभाष अकोल्यात वरातीसाठी घोड्या द्यायचा. जेवतानाही दोनदा उठून अंगणात चक्कर मारणारा हा माणूस दुपारी पडल्या जागी कायमचा शांत होतो, हे मला अजून पटत नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन महिना होत आला, तरी दारात चपला वाजल्या की मान वळतेच...

त्याच्या घोड्यांत जिलेबी सगळ्यात ठेंगणी. दादाची मुलगी मुक्ता तिच्याच पाठीवर वाढली. कृषी प्रदर्शनातल्या मुलांच्या घोडेस्वारीत उतरायचं, असं मुक्तानं ठरवलं आणि दादाच्या अंगात वारं शिरलं. आडवे बांबू बांधून तो तिला उड्या मारायला शिकवायचा आणि "टाच खाली!" असं ओरडत स्वतःच घोडीच्या बाजूनं पळायचा. वहिनी म्हणायची, घोडी दमत नाही, हेच दमतात.

पहिल्याच स्पर्धेत घोटाळा झाला. वरातीत बँड वाजला की दादा जिभेनं टक् टक् करायचा आणि जिलेबी नाचायला लागायची. त्या दिवशी मुक्ता पहिल्या बांबूकडे निघाली, दोरीपाशी उभ्या दादाला राहवलं नाही आणि सवयीनं जीभ वाजली. झालं! जिलेबी भर मैदानात नाचू लागली. लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली. कोणीतरी ओरडलं, "नवरदेव कुठी हाय?" बाहेर आल्यावर मुक्ता एवढंच म्हणाली, "बाबा, पुढच्या टायमाले तुमी आत येऊ नका." दादा नुसता "बरं" म्हणाला. त्यानं जन्मात कोणाचं एवढं मुकाट ऐकलं नव्हतं. मला पोरीचा भयंकर राग आला. पण तिचंही काय चुकलं होतं म्हणा!

पुढच्या वर्षी तो खरंच फाटकाबाहेर राहिला. सोबत मी होते. एका जागी उभा राहील तर शपथ. मुक्ताचं नाव पुकारलं तसा तो बाजूच्या पाण्याच्या टँकरवर चढायला लागला.

"दादा, पडशील ना!"

"तू गप राय वं शोभे. मले पाहू दे."

वर गेल्यावर त्यानं रुमालाचा बोळा करून तोंडात कोंबला. जीभ वाजू नये म्हणून. मला हसू आवरेना. मुक्ताचा दुसरा नंबर आला, तेव्हा तोंडातला रुमाल न काढताच तो टाळ्या पिटत होता. उतरल्यावर म्हणाला, "पोरीले सांगू नको." मी नाही सांगितलं.

येत्या रविवारी यंदाची स्पर्धा आहे. दादा गेल्यापासून मुक्तानं जिलेबीला खोगीर चढवलेलं नाही. वहिनीनं मला बोलावून घेतलं. परवा मी अकोल्याला गेले, तर पोरगी तबेल्यात गुडघ्यांत डोकं घालून बसलेली. "बाबाले मीच बाहेर ठेवलं," म्हणाली. मला राहवलं नाही. "तुया बापाले कोणी कुठी ठेवू शकत होतं का?" म्हणत मी सगळं सांगून टाकलं, टँकर, रुमाल, टाळ्या... वाटलं, आता तरी तिचं मन हलकं होईल.

"मले माहीत होतं, आत्या," ती म्हणाली. "पोरं तवाच सांगून राहिले होते, तुया बाप टँकरवर चढला म्हणून. मी मुद्दाम तिकडं पायलं नाई."

जिलेबी पाय आपटत होती. मुक्ता उठली, खुंटीवरचं खोगीर काढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"रविवारी तू फाटकाबाहेर उभी राय, आत्या. मी तिकडं पायीन."