आपला कप्तान

अंतराळयानाच्या त्या मालिकेत जुना कप्तान जाऊन नवा आला, तेव्हा मी जवळजवळ सुतकच पाळलं. इतकी वर्षं ज्याला पाहिलं, त्याच्या जागी हा कोण कोवळा मुलगा? पुढचे काही भाग मी केवळ त्याच्या चुका काढायला पाहिले, हे कबूल करतो.

काल मात्र जुन्या कप्तानाच्या खुर्चीत बसण्याआधी त्या मुलाने खुर्चीच्या हातावरून हळूच बाही फिरवली आणि तो अंग चोरून काठावर टेकला. एवढंच. मग उल्कांचा मारा सुरू झाला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आता बघ, आपला कप्तान कसं यान वळवतो."

"आपला?" शेंगा सोलता सोलता बायको हसली. "परवापर्यंत तर 'तो' होता."

मला एकदम जुन्या कप्तानाशी फितुरी केल्यासारखं वाटलं. तिला तसं सांगितलं.

"मला 'आपली' म्हणायला तुमच्या आईंनी याहून जास्त दिवस घेतले," ती म्हणाली. "पण मला 'आपली' म्हटलं म्हणून त्यांची स्वतःची लेक काही परकी झाली नाही."

खरंच, 'आपलं' हा शब्द एकाकडून काढून दुसऱ्याला द्यावा लागत नाही. तो नुसता ऐसपैस होत जातो.

मी तिच्याकडे पाहिलं. आई गेल्यापासून आईच्या आरामखुर्चीत तीच बसते, पण तेव्हाही ती काठावरच बसली होती. हे मला इतक्या उशिरा दिसावं?

"अगं, नीट टेकून बस की," मी म्हणालो.

ती टेकली. पडद्यावर उल्का संपल्या होत्या, आणि आपला कप्तानही एव्हाना खुर्चीत मागे रेलला होता.