मावराच्या कोपऱ्यातले आजोबा

हिवाळ्यात आमच्या गावात दोनच धुराड्यांतून धूर निघतो, एक माझं, एक मावराचं. बाकीची घरं बंद. मावरा महा हट्टी बाई. तिचा मुलगा साव्वा श्वेत समुद्रावर मासे धरायला गेला तो गेलाच, होडीसुद्धा सापडली नाही. तरी मेलेल्यांच्या प्रार्थनेत त्याचं नाव घेऊ देईल तर शपथ.

तिच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात सासूनं दिलेली संताची तसबीर, लाकडी फळीवर रंगवलेली. काजळीनं इतकी काळी, की नाक-डोळे काही कळायचे नाहीत. सासू म्हणाली निकोला, म्हणून निकोला. दर्यावर जाणाऱ्यांचा राखणदार तोच, तेव्हा साव्वासाठी साकडं त्यालाच. मावरा त्याला आजोबा म्हणायची. कपडे बदलायचे झाले की तसबिरीवरचा पडदा ओढायची. "म्हातारा झाला तरी पुरुषच की गं," म्हणायची. तसबीर पुसायची मात्र नाही. पुसली तर कृपा जाते, हेही सासूचंच.

यंदा ईस्टरच्या तोंडावर धुराडं तुंबलं आणि घरभर काजळी झाली. मावराचा हात मोडलेला, म्हणून पुसायला मी गेले. या खेपेला मावरानंही अडवलं नाही. तसबिरीवर तेलाचं फडकं फिरवलं, तर काळ्यातून लाल वस्त्र वर आलं. मग पांढरी ओढणी, हातात क्रूस. दाढीचा पत्ता नाही.

"मावरा, अगं ही तर पारास्केवा."

पारास्केवा म्हणजे बायकांची संत. तिचा वार शुक्रवार, त्या दिवशी चातीला हात लावायचा नाही. आणि ही बया दर शुक्रवारी तिच्याच पुढ्यात सूत काढत बसायची. आपली हाक भलतीकडेच गेली म्हणून ही आता हाय खाणार, असं मला वाटलं.

"निकोलालाही कळलं असेल गं," मी सारवासारव केली. "संत काय एकमेकांशी बोलत नसतील?"

"तू गप्प बस, उस्तीन्या."

ती उठली आणि धडधाकट हातानं पडदा ओढून काढला.

"साव्वाच्या आधीच्या माझ्या दोन पोरी पाळण्यातच गेल्या," ती म्हणाली. "दूध दाटून यायचं, छाती ठणकायची. आजोबांपुढे कसं बोलणार? लाज वाटायची. कुणालाच सांगितलं नाही."

तिनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक पदरासारखं तोंडाला लावलं.

"घरात बाई होती, उस्तीन्या. इतकी वर्षं बाई होती, आणि मी एकटीच रडले."